भाकरी, शेव आणि चिखलदऱ्याचा चढ

कापूस वेचायला जाताना शिदोरीत काय असे, हे रिद्धपूरच्या एखाद्या आजीला विचारा. ज्वारीची भाकरी! ८० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे २७० उष्मांक, म्हणजे किलोकॅलरी, मिळतात. मधल्या सुट्टीतल्या ५० ग्रॅम शेवेतूनही जवळजवळ तेवढेच! कारण १ ग्रॅम पिष्ट ४ उष्मांक देते, तर १ ग्रॅम तेल ९. मात्र शेवेने पोट भरत नाही. घरी जेवण होतेच.

राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी रोजचे उष्मांक १९८३ मध्ये सुमारे २२०० होते. २००४-०५ मध्ये ते २०५० पर्यंत उतरले आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा २२०० च्या वर गेले. बेरीज जवळपास तीच. पण तीत धान्याचा वाटा घटला, तेलाचा वाढला. अंगमेहनतही कमी झाली.

२७० उष्मांक म्हणजे ११३० किलोज्यूल. स्नायू त्यातला सुमारे पाव भागच कामी लावतात. तरी ४० किलो वजनाचा मुलगा तेवढ्यावर ७०० मीटर उंची चढेल. जवळजवळ परतवाड्याहून चिखलदरा! चढलाच नाहीत, तर? ऊर्जा नाहीशी होत नाही. गरजेहून उरलेली चरबी होऊन साठते.

उद्या दिवसभर खाल्लेले सारे वहीत लिहा: जेवण एका रकान्यात, मधले खाणे दुसऱ्यात. कोणता रकाना भरतो ते पाहा.