यात शटडाऊन कुठे आहे?

दर वर्षी उन्हाळी सुटीवर जाण्याआधी कॅडेट मला सुटीतल्या अभ्यासाचा आराखडा लिहून देतात. गणिताचा शिक्षक या नात्याने ते वाचण्याचे काम माझ्याकडे असते. बहुतेक आराखडे एकाच साच्यातले. पहाटे पाचला उठणे, साडेपाचला धावणे, मग दोन तास गणित, दोन तास इंग्रजी, दुपारी सामान्य ज्ञान, संध्याकाळी खेळ, रात्री उजळणी, दहाला झोप. रकाने पट्टीने आखलेले, अक्षर सुरेख. सुटीनंतर काय झाले म्हणून विचारले की माना खाली जातात आणि एकच उत्तर येते, "सर, माझ्यात चिकाटी नाही."

मला हे उत्तर पटत नाही. तोच मुलगा शाळेत महिनोन्‌महिने पहाटे मैदानावर उभा असतो. घरी जाताना चिकाटी रेल्वेच्या डब्यात विसरली, असे तर होत नाही. चूक बहुधा कागदावरच झालेली असते. ती कशी होते हे मला चांगले माहीत आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

माझे बालपण भिलाईतल्या खुर्सीपारला गेले. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली ब्लास्ट फर्नेस, म्हणजे झोतभट्टी, सुरू झाली. देशभरातून माणसे कामाला आली. आमच्या गल्लीत तेलुगू, ओडिया, छत्तीसगढी, हिंदी सगळ्या भाषा होत्या. आम्ही गोंदियाकडचे मराठी. बाबा देखभाल विभागात फिटर होते. घर दोन खोल्यांचे आणि घराचे घड्याळ बाबांच्या शिफ्टवर चाले. फर्स्ट शिफ्ट सकाळी सहा ते दुपारी दोन, सेकंड दोन ते रात्री दहा, नाईट दहा ते सकाळी सहा. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची.

बारावीच्या वर्षी मला एनडीएची लेखी परीक्षा द्यायची होती. वयाच्या अटीमुळे ती माझी शेवटचीच संधी होती. जानेवारीत मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, तीन रंगांच्या पेनांनी, चार महिन्यांचे वेळापत्रक बनवले. पहाटे चारला उठणे, सात तास अभ्यास, रोज. ते भिंतीवर लावले तेव्हा अर्धी परीक्षा पास झाल्यासारखे वाटले. हा आनंद फसवा असतो. आराखडा लिहून होताच मनाला काम झाल्याचे समाधान मिळते आणि खरे काम तसेच राहते.

बाबांनी चहा पिता पिता तो कागद वाचला आणि विचारले, "यात शटडाऊन कुठे आहे रे?"

मी हसलो. अभ्यासाला कसला शटडाऊन? बाबांनी समजावून सांगितले. झोतभट्टी वर्षानुवर्षे रात्रंदिवस चालते. पंख्यासारखी बटण दाबून ती बंद करता येत नाही. म्हणूनच दुरुस्तीसाठी ती कधी थांबवायची हे आधी ठरवावे लागते. जितके तास ती थांबेल तेवढ्यात काय करायचे, कोणत्या क्रमाने, कोण करणार, सुटे भाग आधीच जागेवर आणून ठेवलेत का, एखादे काम लांबले तर कोणते काम पुढच्या वेळेसाठी सोडायचे, हे सगळे हवा बंद करण्याआधी लिहिलेले असते. "न थांबता चालवायचं असंल, तर थांबणं आधी लिहून ठेवावं लागते," ते म्हणाले. मी मान हलवली आणि कागद होता तसाच ठेवला.

वेळापत्रक चौथ्या दिवशी मोडले. बाबांची नाईट सुरू झाली. ते सकाळी साडेसहाला येऊन बाहेरच्या खोलीत झोपत आणि माझे मोठ्याने पाठ करण्याचे तास नेमके तेव्हाचे होते. पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट. ते रात्री साडेदहाला येत, जेवणे अकरा वाजता होत, आणि मी चारला उठणार होतो! यात अनपेक्षित काय होते? काहीच नाही. बाबांच्या शिफ्टचा क्रम मला पाठ होता, पण वेळापत्रक बनवताना तो माझ्या डोक्यात आलाच नाही. ज्या घरात कोणी झोपत नाही, जेवत नाही, कामावरून परतत नाही, अशा घरासाठी मी ते लिहिले होते.

मग मी दुसरी चूक केली, आणि ती मला पहिलीपेक्षा घातक वाटते. वेळापत्रक मोडले म्हणून नवीन बनवले. तेही मोडले, तिसरे बनवले. चार महिन्यांत सात वेळापत्रके. प्रत्येक वेळी बुडालेले तास पुढच्या आठवड्यात कोंबायचे, म्हणजे सातचे आठ, आठचे नऊ. जे सात तास झेपले नाहीत ते नऊ कसे झेपतील, हा हिशोब गणित आवडणाऱ्या मुलाला सुचला नाही. पहाटे चार वाजून गेले की तो दिवस वाया गेला असे मानून मी सकाळही सोडून द्यायचो. खरे तर बुडालेला होता एक तास.

तिसरी चूक क्रमाची. त्रिकोणमिती मला येत होती, म्हणून मी तीच करत राहिलो. कॅल्क्युलस अवघड, म्हणून ते शेवटच्या महिन्यावर ढकलले. त्या महिन्यात गोंदियाला चुलत बहिणीचे लग्न होते. तारीख जानेवारीतच ठरलेली होती आणि पत्रिका माझ्याच हातांनी वाटल्या होत्या. शिवाय भिलाईचे एप्रिलचे ऊन, दुपारी स्लॅब इतका तापायचा की खोलीत बसवत नसे. तेही दर वर्षीचेच. परीक्षेत कॅल्क्युलसचे प्रश्न समोर आले तेव्हा मी अंदाजाने उत्तरे दिली. निकालात माझा क्रमांक नव्हता. मला शिक्षकाचा पेशा आवडतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटची संधी मी अवघड प्रश्नांमुळे घालवली नाही, हे मला ठाऊक आहे.

या चुकीचा अभ्यासही झालेला आहे. १९७९ मध्ये डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की माणूस आपल्या कामाला लागणारा वेळ सतत कमी धरतो. पुढे १९९४ मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले की तुम्हाला किती दिवस लागतील. सरासरी उत्तर होते सुमारे ३४ दिवस. सगळे अगदी वाईट गेले तर किती, असेही विचारले. उत्तर सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवसांहून जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही अपुरा पडला. कारण अंदाज करताना आपण काम डोळ्यांपुढे आणतो, मागच्या वेळी तसल्याच कामाला किती दिवस लागले होते ते आठवत नाही. म्हणून मी कॅडेटना आता आधी आराखडा मागत नाही. मागच्या सुटीतला कोणताही एक आठवडा आठवून लिहा म्हणतो: किती वाजता उठलात, कोण पाहुणे आले, अभ्यास किती झाला. रोज दीड तास झाला असेल तर या सुटीत दोन धरा, सात नको.

सैनिकी शाळेतल्या मुलांची यात एक खास अडचण आहे. ती शाळेचे वेळापत्रक उचलून घरी नेतात. शाळेत बिगुल असतो, रोल कॉल असतो, शेजारच्या पलंगावरचा मित्र उठलेला असतो, मेसमध्ये ताट वाढलेले असते. घरी यातले काहीच नाही, आणि आई महिन्यांनी आलेल्या लेकराला पहाटे उठवायला तयार नसते. त्यामुळे घरच्या आराखड्याला बिगुलाची जागा घेणारे काहीतरी हवे. "सकाळी गणित" असे लिहू नका. "चहा झाला की माडीवर जाऊन दहा उदाहरणे" असे लिहा. चहा रोज होतोच.

दुसरी गोष्ट गृहीतकांची. मराठी घरातल्या मुलाला पानिपत सांगावे लागत नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला, धान्य मिळवले. यमुना भरलेली होती आणि अब्दाली इतक्यात पार होणार नाही असे धरले गेले. तो त्याच महिन्यात बागपतजवळ उतरला, दिल्लीची वाट तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौजेला लढावे लागले. पराभवाला आणखी पुष्कळ कारणे होती, एकट्या भाऊंवर खापर फोडणे मला मान्य नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की "नदी उतरता येणार नाही" हे वाक्य योजनेचा पाया होते. तुमच्या आराखड्याखालीही अशी वाक्ये असतात: नेट चालेल, मामाकडे एकांत मिळेल, धाकटा भाऊ खोलीत येणार नाही. ती लिहून काढा, आणि एखादे खोटे ठरले तर काय करायचे तेही.

एसएसबीच्या गट नियोजन चाचणीत हेच तपासले जाते. समोर नकाशासारखी प्रतिकृती, एकाच वेळी कोसळलेली तीन-चार संकटे, माणसे मोजकी, वेळ थोडा. प्रत्येकाने आधी आपली योजना लिहायची, मग गटात चर्चा. "आम्ही ताबडतोब मदत करू" असे लिहिणारा उमेदवार मागे पडतो. कोण, कुठून, किती वाजता निघेल आणि गाडी वेळेत पोहोचली नाही तर काय, हे लिहिणारा पुढे जातो. जो आपल्या सुटीचा असा हिशोब करू शकतो त्याला तिथे फारसे नवे काही करावे लागत नाही.

पालकांना एक विनंती. लग्न, देवदर्शन, गावची जत्रा, घरात कुणाचे ऑपरेशन, जे ठरलेले असेल त्याच्या तारखा मुलाला आधीच कळवा. आम्ही त्या आराखड्यात घालून घेऊ. आणि दोन दिवस बुडाले म्हणून रागावू नका. तिसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी तो बसला का, एवढेच पाहा.

बाबा आता निवृत्त आहेत. गेल्या दिवाळीत घर रंगवायला काढले तेव्हा कपाटामागे ते कॅलेंडर सापडले. तीन रंग अजून फिके झालेले नाहीत. बाबांनी चष्मा लावून ते पुन्हा वाचले, पण काही बोलले नाहीत. यंदाच्या सुटीच्या आराखड्याचा कागद मी नव्याने छापून घेतला आहे. त्यात आठवड्यातला एक अर्धा दिवस रिकामा ठेवलेला आहे. त्याच्या रकान्यावर "शटडाऊन" असे लिहिले आहे. बुडालेले काम त्याच अर्ध्या दिवसात करायचे. ते त्यात मावले नाही, तर काय सोडले ते खाली लिहायचे आणि पुढच्या आठवड्याला हात लावायचा नाही. कागद ग्रंथालयात ठेवले आहेत, सुटीआधी भरून द्यावेत.