बोस्नियांतील ‘इतर’

युद्ध थांबविण्यासाठीं केलेली तडजोड पुढें कायमचा कायदा होऊन बसली म्हणजे काय घडतें, हें पाहावयाचें असेल तर बोस्निया-हर्झेगोविना या देशाकडे वळावें.

१९९२ पासून १९९५ पर्यंत तेथें बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट एकमेकांशीं लढले. सुमारें एक लक्ष माणसें प्राणांस मुकलीं. अखेर अमेरिकेंतील डेटन येथें वाटाघाटी होऊन १४ डिसेंबर १९९५ रोजीं पॅरिसमध्यें तहावर सह्या झाल्या. चमत्कार असा, कीं देशाची राज्यघटना म्हणजे या तहाचें चौथें परिशिष्ट होय! शस्त्रें खालीं ठेवावयाचीं तर प्रत्येकाला सत्तेचा ठराविक वांटा हवा होता. म्हणून घटनेनें तीन ‘घटक लोक’ मानले. राष्ट्राध्यक्षमंडळांत एक बोस्नियाक, एक क्रोएट व एक सर्ब. वरिष्ठ सभागृहाच्या १५ जागाहि पांच-पांच अशाच वांटलेल्या. या व्यवस्थेला नांवें ठेवणें सोपें आहे, परंतु तिच्यामुळें कत्तल थांबली हें विसरतां कामा नये.

मग या तिघांबाहेरच्यांचें काय? घटनेनें त्यांना ‘इतर’ म्हटलें. त्यांना मत देतां येतें. या जागांसाठीं उभें राहतां येत नाहीं. याकोब फिंची हे ज्यू गृहस्थ स्वित्झर्लंडमध्यें देशाचे राजदूत होऊं शकले, पण राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होऊं शकले नाहींत! त्यांनीं आणि रोमा समाजाच्या डेर्वो सेयदिच यांनीं स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयांत दाद मागितली. २२ डिसेंबर २००९ रोजीं न्यायालयानें हा भेदभाव असल्याचा निर्णय दिला. गंमत अशी, कीं युरोपीय मानवी हक्क करार इतर सर्व कायद्यांहून श्रेष्ठ होय, असें हीच घटना सांगते.

आणि हा जाच केवळ अल्पसंख्याकांनाच आहे असें नाहीं. आपण फक्त या देशाच्या नागरिक, असें म्हणणाऱ्या आझ्रा झोर्निच यांनाहि तीच बंदी. त्यांच्या बाजूनें २०१४ सालीं निकाल लागला. इलियाझ पिलाव हे तर बोस्नियाक, म्हणजे ‘घटक लोकां’पैकींच, पण ते स्रेब्रेनित्सा येथें, सर्ब विभागांत राहतात, आणि तेथून सर्बच निवडून येऊं शकतो. त्यांनाहि २०१६ सालीं न्यायालयानें न्याय दिला.

घटना बदलावयाची कोणीं? तर याच वांटणीवर निवडून आलेल्यांनीं. २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ या चारहि सार्वत्रिक निवडणुका जुन्याच नियमानें पार पडल्या.