मापात आलेली चव : तरला दलाल

घरात रांधता येणे आणि दुसऱ्याला रांधायला शिकवता येणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. पहिली आपल्याकडे घरोघरी होती. दुसरी मात्र फारच थोड्यांना साधली. ज्यांना ती साधली, त्यांत पद्मश्री तरला दलाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. संपूर्ण शाकाहाराची चौकट कधीही न ओलांडता त्यांनी ही विद्या व्यवसायाच्या पातळीवर नेली, म्हणून व्यापारी घराण्यांनी त्यांच्या चरित्राकडे थोडे अधिक बारकाईने पाहावे.

तरलाबेनचा जन्म ३ जून १९३६ रोजी पुण्यात एका गुजराती कुटुंबात झाला. शिक्षणही पुण्यातच झाले आणि पदवी घेतली ती अर्थशास्त्राची. १९६० मध्ये नलिन दलाल यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या. नलिनभाई अमेरिकेत शिकून आलेले, देशोदेशींचे पदार्थ चाखण्याची आवड असलेले. पतीच्या आवडीचे ते पदार्थ शाकाहारी रूपात घरी कसे उतरवता येतील, या खटपटीतून त्यांचे प्रयोग वाढत गेले. १९६६ साली त्यांनी राहत्या घरीच पाककृतींचे वर्ग सुरू केले. दुकान नाही, गाळा नाही, फलक नाही. भांडवल म्हणजे घरची चूल आणि हाताची ख्याती. पुढे या वर्गाचे नाव इतके झाले, की तरलाबेनकडे शिकलेल्या मुलीला चांगले स्थळ लवकर मिळते, असे मुंबईतील गुजराती समाजात बोलले जाई. या बोलण्यातील विनोद बाजूला ठेवला, तरी बाजारात पत म्हणतात ती हीच.

वर्गात शिकवलेले पुस्तकात यावे, असा आग्रह नलिनभाईंचा होता. १९७४ मध्ये ‘द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग’ हे पहिले पुस्तक निघाले. त्यानंतर शंभरांहून अधिक पुस्तके आली, हिंदी, गुजराती, मराठीसह अनेक भाषांत त्यांचे अनुवाद झाले आणि एकूण खप एक कोटी प्रतींच्या वर गेल्याचे सांगितले जाते. पाककृतींचे नियतकालिक, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम, संकेतस्थळ असा हा विस्तार होत गेला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘तरला’ हा हिंदी चित्रपटही आला.

मराठीत ही परंपरा याहून जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० चे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० चे. अवघे चार इयत्ता शिकलेल्या कमलाबाईंनी वाटी-चमच्याच्या मापाने महाराष्ट्रातील नवख्या सुनांना धीर दिला. तरलाबेन अर्थशास्त्राच्या पदवीधर होत्या, पण दोघींचे मर्म एकच. अमुक इतके पीठ, तमुक इतके पाणी, इतकी मिनिटे आच. ज्या कृतीला माप आहे, तिची परीक्षा घेता येते, किंमत ठरवता येते आणि ती परगावीही पाठवता येते. किर्दखतावणीत वाढलेल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको.

धारूरसारख्या तालुक्याच्या गावी या गोष्टीला अधिक अर्थ येतो. बालाघाटाच्या डोंगरातील या गावापासून पुण्या-मुंबईचे वर्ग दूर. येथल्या पेठेत ज्वारी, तूर, हरभरा उत्तम. डोंगरउतारावर सीताफळ मुबलक. बीड जिल्ह्याच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पण पिझ्झा, पास्ता, मेक्सिकन पदार्थ यांची हौस मुलांना लागली, तेव्हा ती शाकाहारात भागवण्याचा मार्ग येथील सुनेला दाखवला तो छापील पुस्तकानेच. घरातला नातू बाहेर काय खातो, ही चिंता करीत बसण्यापेक्षा तो पदार्थ आपल्याच ओट्यावर करणे केव्हाही सोयीचे.

अर्थात शाकाहार म्हणजे जैन आहार नव्हे. कांदा, लसूण, बटाटा तरलाबेनच्या पुष्कळ कृतींत आहेत. पुढे जैन पदार्थांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकेही काढली. परंतु त्याआधीच आपल्या गृहिणींनी स्वतःची वाट शोधलेली होती. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे, भरण्यासाठी वाफवलेले मटार व पनीर, वासासाठी हिंग. सीताफळाची रबडीदेखील ज्यांच्याकडे ते फळ चालते त्यांच्याकडे होते, इतर घरी होत नाही. आणि एवढे सारे सूर्यास्तापूर्वी आटोपायचे! चौविहार पाळणाऱ्या एकत्र कुटुंबात दुकानातील मंडळी जेवायला येण्याची वेळ आणि मावळतीची वेळ यांचा मेळ घालणे, हे कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात नसलेले गणित आहे. त्याचे श्रेय अजून त्या बायांना पुरते मिळालेले नाही.

आज आपल्या अनेक भगिनी घरूनच खाखरा, पापड, दिवाळीचा फराळ यांच्या मागण्या घेतात. हात उत्तम असतो, पण हिशेब कच्चा राहतो. तुपाचा भाव धरला जातो. गॅस आणि स्वतःची मजुरी धरली जात नाही. गिऱ्हाईक वाढले, की चवीत फरक पडतो, कारण मोठ्या घाण्याचे माप कधी लिहून ठेवलेलेच नसते.

घरोघरच्या जुन्या वह्यांची तीच कथा. आयंबिलचे पदार्थ, पर्युषणातील सुकी भाजी, पापडाचा खार यांच्या कृती त्यांत आहेत. मोडी वळणाच्या नाहीतर गुजराती अक्षरात, तेलाचे डाग पडलेल्या. डाळ पसाभर, मीठ चिमूटभर, आच बेताची. तो पसा ज्यांच्या हाताचा होता, त्या आजींपैकी काही अजून आहेत. त्यांच्या पशात किती ग्रॅम डाळ मावते, हे एका दुपारी तागडीवर घालून पाहता येईल.