भट्टीचे तापमान आणि अंकांच्या पायऱ्या

रायपूरजवळील उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहती लोखंड-पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. स्पंज लोखंड तयार करताना लोहखनिज व कोळसा फिरत्या भट्टीत सुमारे 1,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. उष्णता कमी पडली तर खनिजातील ऑक्सिजन पुरता निघत नाही. फाजील झाली तर राख वितळून भट्टीच्या अस्तरावर कडे धरते आणि भट्टी बंद करण्याची पाळी येते. म्हणून तापमानावर अखंड लक्ष ठेवावे लागते.

हे काम तपयुग्म करते. क्रोमेल व अल्युमेल या मिश्रधातूंच्या तारांचा सांधा 1,000 अंशांना तापला आणि त्यांची दुसरी टोके शून्य अंशावर असली, तर सुमारे 41 मिलिव्होल्ट विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. म्हणजे दर अंशामागे जवळजवळ 40 मायक्रोव्होल्ट. हा दाब सलगपणे बदलतो. संगणकाला मात्र केवळ अंक कळतात. सलग राशीचे अंकांत रूपांतर करणाऱ्या चिपला सदृश-अंकीय परिवर्तक म्हणतात.

ही चिप निवडावी कशी? 12 बिटांची चिप आपल्या मापनपट्ट्याच्या 4,096 पायऱ्या पाडते. पट्टा 5 व्होल्टचा असल्यास एक पायरी 1.22 मिलिव्होल्टची, म्हणजे सुमारे 30 अंशांची होते! भट्टी 25 अंशांनी अधिक तापली, तरी अंक कदाचित हलणारही नाही. परंतु तोच दाब आधी 100 पट वाढविला, तर पायरी 0.3 अंशाची होते. दोष चिपचा नव्हे, जुळणीचा होता.

मग 24 बिटांची, 1,67,77,216 पायऱ्यांची चिप घ्यावी काय? तपयुग्मच काही अंशांनी चुकत असेल, तर पायऱ्या कितीही बारीक केल्या तरी ती चूक सुधारत नाही. सूक्ष्मता म्हणजे अचूकता नव्हे. अशा चिपचा खरा लाभ निराळाच आहे. त्यांपैकी पुष्कळशा चिप सावकाश, सरासरी घेत मोजतात. ही सरासरी 20 मिलिसेकंदांच्या पटीत घेतली, तर कारखान्यातील 50 हर्ट्‌झ विजेचा उपद्रव नाहीसा होतो. भट्टीचे तापमान मुळात संथपणे बदलत असल्याने हा विलंब चालतो.

सर्वत्र तो चालत नाही. पुणे जिल्ह्यात खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत 400 मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा अंकांत आणावयाचा, तर सेकंदाला निदान 80 कोटी नमुने घ्यावे लागतात. तेथे वेग प्रधान. पायऱ्या थोड्या असल्या तरी भागते.

तात्पर्य, चिपवरील मोठ्या आकड्याला भुलू नये. संकेत केवढा आहे, किती वेगाने बदलतो आणि त्यात उपद्रव कोणता मिसळला आहे, हे आधी विचारावे; निवड त्यातूनच ठरते.