जर्मनीतील दंतरोपण: सुट्टी तीन आठवड्यांची, हाड भरायला तीन महिने

श्टुटगार्ट, म्युनिक किंवा फ्रँकफुर्ट येथील मराठी घरांत डिसेंबरच्या भारतवारीचे बेत ठरू लागले, की कामांच्या यादीत एक ओळ हमखास असते: दातांचे काम पुण्यात उरकून घेणे. रूट कॅनाल, कॅप, साफसफाई यांपुरता हा बेत बहुधा निभावतो. प्रश्न येतो तो पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवण्याचा. जर्मन दंतवैद्याने दिलेला अंदाज एका दातामागे दोन हजार युरोंच्या पुढे सहज जातो. पुण्या-मुंबईत तेच काम बऱ्याचदा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात होते. विमानाचे तिकीट तर काढलेलेच असते. हिशेब इतका सोपा दिसतो, की त्यात काय धरायचे राहिले, हे सहसा परतल्यावर कळते.

पहिली राहिलेली बाब म्हणजे हाड. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. दिसणारा दात त्यावर नंतर चढतो. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क 1952च्या सुमारास सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर टायटॅनियमचे उपकरण काढू पाहता ते निघेना. हाड धातूला घट्ट जुळले होते. 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले, आणि ते त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, सुमारे चार दशके, टिकले. त्यांच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्यासाठी तीन आणि वरच्या जबड्यासाठी सहा महिने थांबावे लागे, कारण वरचे हाड अधिक सच्छिद्र असते. आता पृष्ठभागावर प्रक्रिया केलेल्या इम्प्लांटमुळे हा काळ कमी झाला आहे, काही निवडक रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दातही बसवतात. तरी सर्वसाधारण रुग्णाला काही महिने धरूनच चालावे लागते. हाड कमी असेल आणि ते वाढवावे लागणार असेल, तर आणखी. तीन आठवड्यांच्या सुट्टीत हाड भरून येत नाही, मग दवाखाना कितीही उत्तम असो.

म्हणून काम दोन खेपांत विभागले जाते: या वर्षी स्क्रू, पुढच्या वर्षी कॅप. एवढी दीर्घ प्रतीक्षा वैद्यकीयदृष्ट्या चालू शकते, मात्र मधल्या काळात काही बिघडले तर रुग्ण जर्मनीत आणि दंतवैद्य भारतात. हिरडी सुजली, वरचा स्क्रू सैल झाला, की स्थानिक दवाखान्याचा पहिला प्रश्न असतो: कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे? प्रत्येक इम्प्लांट प्रणालीचे जोडभाग आणि ते फिरवण्याची हत्यारे वेगळी असतात. शंभराहून अधिक कंपन्यांच्या बाजारात नाव माहीत नसलेला स्क्रू म्हणजे किल्ली हरवलेले कुलूप. दुसऱ्याने बसवलेल्या इम्प्लांटवर कॅप चढवायला अनेक जर्मन दंतवैद्य नाखूश असतात, कारण नंतर कॅप हलली तर दोष कोणाचा, हे ठरवणे अवघड जाते. वरच्या मागच्या दाढांसाठी सायनसच्या तळाशी हाड भरले असेल, तर विमानप्रवासही काही आठवडे टाळायला सांगतात. परतीच्या तिकिटाच्या आदल्या दिवशी ही शस्त्रक्रिया ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

आता जर्मनीतील खर्चाकडे. येथील सार्वजनिक विमासंस्था, म्हणजे क्रांकनकासे, इम्प्लांटचा खर्च देत नाही. अपवाद मोजकेच, जसे ट्यूमरच्या शस्त्रक्रियेने जबड्यात झालेला मोठा दोष. ही माहिती मराठी मंडळींत पोहोचलेली आहे. अर्धवट पोहोचते ती पुढची गोष्ट. इम्प्लांटला पैसे नसले, तरी त्या रिकाम्या जागेला आहेत. 2005पासून कासे उपचाराकडे न पाहता निदानाकडे पाहून ठरावीक रक्कम देते. तिला फेस्टत्सुशुस म्हणतात. एक दात नाही, या निदानाला नियमित उपचार म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला पूल. त्या पुलाच्या प्रमाणित खर्चाचा हिस्सा रुग्णाला मिळतो, मग त्याने पूल करावा किंवा इम्प्लांट. ऑक्टोबर 2020पासून हा हिस्सा 60 टक्के आहे. रक्कम काही शे युरोंची. इम्प्लांटच्या बिलापुढे ती लहान दिसते, पण पुण्याच्या दराशी तुलना करताना ती वजा करायला लोक विसरतात.

हाच हिस्सा वाढवणारी एक साधी पुस्तिका आहे: बोनसहेफ्ट. प्रौढाने दर कॅलेंडर वर्षात एकदा दंततपासणी करून तिच्यात नोंद घ्यायची. सलग पाच वर्षांची नोंद असेल तर 60चे 70 टक्के होतात, दहा वर्षांची असेल तर 75. ब्लू कार्डवर आलेला तिशीतला अभियंता पहिली चार-पाच वर्षे येथील दंतवैद्याचे तोंडही पाहत नाही, कारण तपासणी भारतात होते. भारतातली तपासणी बोनसहेफ्टमध्ये धरली जात नाही. दात उत्तम असतानाच या पुस्तिकेची गरज कोणाला भासत नाही, आणि ती भरायची वेळ नेमकी तीच. विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक तरतूद अनेकदा वाया जाते. सार्वजनिक विमा असलेल्या व्यक्तीचे उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असेल, तर कासे नियमित उपचाराचा पूर्ण खर्च उचलते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

या सगळ्याची अट एकच: काम सुरू करण्यापूर्वी मंजुरी. दंतवैद्य हाइल-उंड-कोस्टेनप्लान, म्हणजे उपचार आणि खर्चाची योजना, तयार करतो. 2023पासून ती दवाखान्यातून थेट कासेकडे संगणकावरून जाते. कासेने साधारण तीन आठवड्यांत, तज्ज्ञाचे मत मागवले तर सहा आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. मंजुरीनंतर सहा महिन्यांत काम व्हावे लागते. आधी दात, मग कागद, असा क्रम झाला तर हक्काची रक्कम हातची जाते.

बिलाचा उरलेला, मोठा भाग गोत्स या खाजगी दरसूचीनुसार आकारला जातो. प्रत्येक कामाला गुण, गुणाला ठरलेले मूल्य आणि त्यावर गुणक. गुणाचे मूल्य 1988पासून बदललेले नाही, 11 फेनिग होते ते आज सुमारे 5.62 सेंट; महागाई भरून निघते ती गुणकातून. 2.3पर्यंतचा गुणक नेहमीचा, 3.5पर्यंत गेला तर लेखी कारण हवे, त्यापुढे रुग्णाशी आधी लेखी करार. अंदाजपत्रकातील हा एकच रकाना पाहून दोन दवाखान्यांतला फरक बराचसा समजतो. प्रयोगशाळेचा खर्च वेगळा असतो. काही जर्मन दवाखाने कॅप परदेशी प्रयोगशाळेतून करून घेतात; बिल कमी होते आणि जबाबदारी मात्र समोरच्या दंतवैद्याकडेच राहते. ज्यांना फक्त खर्चाची चिंता आहे, त्यांनी भारताचे तिकीट काढण्यापूर्वी हा पर्याय विचारून पाहायला हरकत नाही.

पूरक दंतविमा घेऊन मग इम्प्लांट करू, हा विचार बहुतेक वेळा उशिरा सुचतो. करार करताना जो दात आधीच नाही, किंवा ज्याच्यावर उपचार सुचवला गेला आहे, तो सहसा वगळला जातो, आणि पहिल्या काही वर्षांत भरपाईला मर्यादाही असते. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण विमा कंपन्यांना ठाऊक नसेल, पण त्यांचा धंदा तिच्यावरच चालतो. भेटीला येणाऱ्या आईवडिलांच्या प्रवासविम्याबद्दलही गैरसमज नको. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे संरक्षण लागते हे खरे, तरी दातांच्या बाबतीत त्यातून साधारणपणे वेदना थांबवण्यापुरताच उपचार मिळतो.

देशाबाहेर उपचार घेण्याच्या बाबतीत कायदा एक रेघ ओढतो. युरोपीय संघातील देश, तसेच स्वित्झर्लंड येथे दात बसवून घेतला, तर आधी मंजुरी घेतलेल्या योजनेवर कासे तीच ठरावीक रक्कम देते. ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचे मोशोनमाज्यारोवार हे हंगेरियन गाव अशा रुग्णांवरच दंतवैद्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. भारत या रेघेबाहेर आहे. तिथल्या कामाला सार्वजनिक विम्यातून काही मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. खाजगी विमा असलेल्यांनी मात्र स्वतःचा करार वाचावा, तेथे अटी निरनिराळ्या असतात.

तरीही भारतात काम करून घेणे अनेकांना परवडते आणि चांगले होतेही. भारतीय दंतवैद्यांच्या हातकौशल्यावर शंका घेण्याचे कारण नाही. चार-पाच इम्प्लांट हवे असतील, घरून काम करण्याची मुभा असेल, वर्षातून दोनदा जाणे होत असेल, तर फरक इतका मोठा असतो की निर्णय वेगळा लागू शकतो. अशा वेळी दंतवैद्याची राज्य दंतपरिषदेकडील नोंदणी पाहावी, जर्मनीत सहज मिळणारी इम्प्लांट प्रणाली मागावी, आणि इम्प्लांटवरील चिकटपट्टीची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. तिच्यावर कंपनी, माप आणि उत्पादन क्रमांक असतो. जर्मनीत हीच माहिती इम्प्लांटपास नावाच्या छोट्या कार्डावर मिळते. जर्मन दंतवैद्य ज्याला डीव्हीटी म्हणतो तेच पुण्यात सीबीसीटी. ही त्रिमिती चित्रे आधीच पाठवली, तर हाड पुरेसे आहे की नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी समजते. मधुमेह असेल तर एचबीए1सीचा ताजा अहवालही जोडावा. साखर आटोक्यात नसताना किंवा धूम्रपान चालू असताना हाड नीट जुळण्याची शक्यता घटते, आणि हा धोका दोन्ही देशांत सारखाच.

काम बिघडले तर काय, याचे उत्तर दोन देशांत वेगळे आहे. जर्मनीत सार्वजनिक विम्याखालील कृत्रिम दातांची दोन वर्षांची हमी कायद्याने दंतवैद्यावर आहे. भारतात ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली स्पष्ट केले, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मात्र हजारो किलोमीटरवरून ती चालवण्याचा खटाटोप थोडेच करतात.

दोन्हीकडे लागतात ती कागदपत्रे. जर्मनीच्या 2013च्या रुग्णहक्क कायद्यानुसार खर्च विम्यातून पूर्ण मिळणार नसल्याचे दंतवैद्याला माहीत असेल, तर त्याने अपेक्षित रक्कम उपचारापूर्वी लेखी कळवायची असते, आणि उपचाराची फाईल दहा वर्षे जपायची असते. ती फाईल मागण्याचा हक्कही एका दाताच्याच वादातून पक्का झाला. उपचारात चूक झाल्याचा संशय असलेल्या एका जर्मन रुग्णाने नोंदींची प्रत मागितली, दंतवैद्याने तिचे पैसे मागितले, आणि प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. ऑक्टोबर 2023मध्ये न्यायालयाने निर्णय दिला: पहिली प्रत विनामूल्य द्यावी लागेल, आणि ती कशासाठी हवी आहे, हे रुग्णाने सांगण्याची गरज नाही.