पोटभर जेवणाचा हिशेब

तंजावर शहरात दुपारी बाराच्या सुमारास जेवणघरांच्या दारांत एक पाटी लागते. तिच्यावर ‘मील्स रेडी’ एवढे दोनच शब्द असतात. जेवण तयार आहे, इतकाच त्यांचा अर्थ. परंतु त्यांच्या पोटात एक करार दडलेला असतो. ठरलेली रक्कम गल्ल्यावर भरावी, चिठ्ठी घ्यावी, केळीच्या पानापुढे बसावे आणि तृप्ती होईपर्यंत भात मागावा. दोन घास खाऊन उठणारा वृद्ध आणि चार वेळा भात घेणारा हमाल या दोघांकडून एकच दाम घेतले जाते. व्यवहाराच्या सामान्य नियमांना हे सोडून आहे असे प्रथमदर्शनी वाटते. कापडाच्या दुकानात एकाच किमतीत कोणी हवे तितके कापड फाडून देत नाही. मग अन्नाच्याच बाबतीत हे कसे परवडते?

हा प्रश्न केवळ तंजावरचा नाही. ठरावीक किमतीत हवे तितके खाण्याची प्रथा जगात अनेक ठिकाणी आहे. ‘बुफे’ हा शब्द मूळचा फ्रेंच. भिंतीलगत मांडलेल्या ज्या लाकडी फडताळावर खाद्यपदार्थ ठेवीत, त्याचे ते नाव. अमेरिकेत लास व्हेगास येथील जुगारघरांनी 1940 च्या दशकात अशी स्वस्त पंगत मांडली ती गिऱ्हाईक बाहेर जाऊ नये म्हणून. पुढे त्या देशात गावोगावी स्वस्त चिनी उपाहारगृहे निघाली आणि कामकरी कुटुंबांना बाहेर जेवण्याची चैन परवडू लागली. त्यांचा हिशेब साधा असतो. शंभर माणसे जेवून गेली, तर त्यांच्या खाण्याची सरासरी जवळपास ठरलेली असते. भरपूर खाणाऱ्याचा तोटा अल्पाहारी माणसाच्या नफ्यातून भरून निघतो. शिवाय परतलेला भात आणि शेवया यांची मोठी भांडी आरंभी मांडलेली असतात आणि महागडे मांस-मासे पुढे असतात. तेथे पोहोचेपर्यंत ताट अर्धे भरलेले असते. पदार्थ एकदम मोठ्या प्रमाणावर शिजतात, आणि गिऱ्हाईक स्वतःच वाढून घेत असल्यामुळे वाढप्यांचा खर्चही वाचतो.

तंजावरच्या पानावर हाच हिशेब निराळ्या रीतीने मांडलेला असतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भात मुबलक पिकतो. चोळ राजांच्या काळापासून कल्लणै धरणाने या प्रदेशाचे पाणी वळवून दिलेले आहे, आणि तामिळनाडूचे धान्यकोठार म्हणून तो ओळखला जातो. म्हणून येथे जे स्वस्त ते हात न आखडता वाढतात. सांबारभात, मग रसमभात आणि शेवटी ताक किंवा दही असा क्रम असतो, आणि प्रत्येक टप्प्याचा आधार भातच असतो. भाजी आणि कूट्टू पानाच्या कडेला थोडकेच पडतात. फरक एवढाच की येथे वाढपी असतो. बुफेत खाणारा स्वतःच्या लोभाचा स्वतःच पहारेकरी होतो; पंक्तीत ते काम वाढप्याच्या डोळ्यांकडे असते. कोणाला आणखी हवे आणि कोण केवळ संकोचाने नको म्हणतो, हे त्याला कळते. पानावर टाकून दिले जाणारे अन्न त्यामुळे पुष्कळ कमी होते.

मात्र या हिशेबातून एक गोष्ट निष्पन्न होते. पोटभर जेवण स्वस्त मिळते, तेव्हा त्याची उरलेली किंमत दुसरे कोणीतरी भरीत असते. हे दुसरे कोण, याचा शोध घेऊ लागले म्हणजे तंजावरच्या इतिहासातील एका मोठ्या मराठी संस्थेपाशी येऊन पोहोचावे लागते. ती संस्था म्हणजे भोसले राजांची छत्रे.

छत्रपती शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला राज्य स्थापिले. त्यांच्या वंशजांनी काशी-रामेश्वराच्या यात्रामार्गावर जागोजाग अन्नछत्रे बांधली. यांतील अनेक छत्रांना राजस्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलम येथील छत्र यमुनांबेच्या नावाने प्रसिद्ध आहे. ओरत्तनाडू येथील छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी 1802 मध्ये आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ उभारले, आणि त्या गावाला मुक्तांबाळपुरम् हे नावही मिळाले.

या छत्रांचे काम कसे चाले, याचे वर्णन खुद्द सरफोजीराजांनी 1801 मध्ये तंजावरचे इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना लिहिलेल्या पत्रात आढळते. त्या पत्रामागे एक निकड होती. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता, आणि छत्रांच्या उत्पन्नाची गावेही त्याबरोबर जातील अशी भीती होती. राजांनी कळविले की, ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, तसेच जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व वाटसरूंना छत्रात अन्न मिळते. ज्यांना शिजवलेले चालत नाही त्यांना कोरडा शिधा दिला जातो. मध्यरात्री घंटा वाजवून, अजून कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे, असे पुकारण्यात येते. आजारी पडलेल्याला वैद्य, तान्ह्या मुलाला दूध, गर्भवतीला आधार आणि वाटेत मृत्यू पावलेल्या परक्याला अंत्यसंस्कार, हेही त्या व्यवस्थेत होते. गाऱ्हाणे मांडणाऱ्या संस्थानिकाच्या या पत्रात राज्य गेल्याच्या दुःखापेक्षा भुकेल्या वाटसरूची चिंता वरचढ दिसते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

तथापि येथेही अन्न फुकट नव्हते. ते केवळ जेवणाऱ्याला फुकट होते. त्याचा खर्च छत्रांना लावून दिलेल्या गावांच्या सारा-उत्पन्नातून भागे, आणि ते उत्पन्न शेतात राबणाऱ्यांच्या घामातून येई. कावेरीच्या काठी भात पिकविणाऱ्या मजुरांची स्थिती पिढ्यान्‌पिढ्या अतिशय हलाखीची होती. ही कहाणी भोसले राजवटीबरोबर संपली नाही. 25 डिसेंबर 1968 च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी या गावी 44 दलित स्त्री-पुरुष व मुले एका झोपडीत जळून मरण पावली. त्यामागे मजुरी म्हणून मिळणाऱ्या भाताच्या मापाचा तंटा होता. ज्या प्रदेशात पानावर भात मोजला जात नाही, त्याच प्रदेशात तो पिकविणाऱ्याच्या पदरात मात्र मोजूनमापून पडत होता. स्वस्त जेवणाच्या हिशेबात हा आकडा वगळून चालणार नाही.

हिशेबाची दुसरी बाजू पंक्तीची. छत्राचे दार सर्वांना उघडे होते, परंतु पंक्त एक नव्हती. त्या काळच्या रूढीप्रमाणे स्वयंपाक आणि बसण्याची जागा जातीनुसार वेगळी असे. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रहीन वारल्यावर राजघराण्याचे अधिकार संपले आणि छत्रे सरकारकडे, व पुढे जिल्हा बोर्डाकडे आली. छत्रांच्या निधीतून विद्यार्थ्यांची वसतिगृहे चालू लागली, पण तेथेही जुनी विभागणी टिकून होती. 1920 च्या दशकात जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष ए. टी. पन्नीरसेल्वम यांच्या कारकीर्दीत ओरत्तनाडूसारखी वसतिगृहे ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांना खुली झाली. अनेक गरीब मुलांच्या दृष्टीने त्याचा अर्थ एकच होता: दोन वेळचे जेवण आणि त्यासोबत शिक्षण.

या पार्श्वभूमीवर चिठ्ठी घेऊन जेवण्याच्या साध्या रीतीकडे पाहिले म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते. दाम मोजणारा माणूस कोणाचा आश्रित नसतो. मात्र बाजारानेही हे समत्व आपखुशीने दिलेले नाही. मद्रास इलाख्यातील खाणावळींत ब्राह्मणांसाठी वेगळी दालने असत. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाने उपाहारगृहातील प्रवेशावर धर्म वा जातीच्या कारणाने बंधन घालणे निषिद्ध ठरविले. त्यानंतरही 1957 मध्ये पेरियार ई. वे. रामसामी यांच्या अनुयायांना, मद्रासच्या एका उपाहारगृहाच्या पाटीवरील ‘ब्राह्मण’ हा शब्द काढून टाकावा म्हणून, दीर्घ सत्याग्रह करावा लागला. शेजाऱ्याची जात न विचारता पानावर बसण्याची आजची सवय अशा झगड्यांतून आलेली आहे.

महाराष्ट्रालाही हा हिशेब परका नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार महिन्याचे पैसे भरून खाणावळीत जेवत. त्यांना ते जेवण परवडे, कारण चुलीपुढे पहाटेपासून राबणाऱ्या बाईच्या श्रमाची किंमत त्यात फारशी धरलेली नसे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून याच बायकांना संघटित केले आणि सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट दाखविली, ती हा विसरलेला आकडा हिशेबात आणण्यासाठीच.

अलीकडच्या काळात ही जबाबदारी पुन्हा राज्याने उचललेली दिसते. तामिळनाडूत 2013 मध्ये ‘अम्मा उणवगम्’ सुरू झाले, तेव्हा एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात आणि तीन रुपयांना दहीभात मिळू लागला. महाराष्ट्रात 26 जानेवारी 2020 रोजी दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीचा आरंभ झाला. येथे उरलेली किंमत करदाता भरतो. छत्राच्या परंपरेशी या योजनांचे नाते उघड आहे; भेद एवढाच की येथे यात्रेकरूची जागा रोजंदारीच्या मजुराने घेतली आहे, आणि दात्याच्या पुण्याची जागा नागरिकाच्या हक्काने. थोडे का होईना, पण दाम घेतले जाते, त्यामुळे खाणाऱ्याची मान ताठ राहते.

अल्पाहारी गिऱ्हाईक, गावचा कुणबी, खाणावळवाली बाई आणि करदाता, या चौघांनी मिळून जगातील स्वस्त जेवण चालविले आहे. त्यांपैकी पहिला आणि शेवटचा हे तुलनेने सुखरूप असतात. मधल्या दोघांवर भार पडला म्हणजे त्यांचीच पाने रिकामी राहतात. म्हणून एखाद्या व्यवस्थेची उदारता पानावर किती भात पडतो एवढ्यावरून जोखता येत नाही. तो भात पिकविणारा आणि शिजविणारा त्याच पंक्तीला, त्याच मानाने बसू शकतो किंवा नाही, हे पाहावे लागते. सरफोजीराजांच्या छत्रातील मध्यरात्रीच्या घंटेने जो प्रश्न पुकारला, तो याच कसोटीचा होता: अजून कोणी उपाशी राहिले आहे काय?