अळशी वाळेना

आपटा म्हटलं की मुंबईकराला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवट आठवतो. १९९५च्या त्या सिनेमातली गाडी पनवेल-रोहा मार्गावरच्या याच स्टेशनातून सुटली. मला संपादकांनी धाडलं होतं ते दसऱ्यासाठी: आपट्याची पानं, सोनं, शस्त्रपूजा, असा बिनघोर लेख. तो राहिला. कारण एका सुताराच्या पडवीत, गोणपाटावर, बंदुकीचा दस्ता आडवा पडला होता. नळी नाही, घोडा नाही, चाप नाही.

"लाकडापुरता मी," सुतारकाका म्हणाले. "लोखंडाला हात नाय लावत."

बरोबरच आहे. बंदूक दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. नळी मालकाच्या घरी, आजोबांच्या वेळच्या कागदांसोबत. ठासणीची बंदूक ती: तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचं, टोपी बसवायची आणि डुकरं येईपर्यंत शेताच्या बांधावर जागायचं. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. त्याआधीचा कायदा १८७८चा. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केलं. त्यांचं गाव शिरढोण इथून जवळच.

पण मी अडकलो दस्त्यापाशी. निवडणुकीत पोलिसांकडे जमा केलेली बंदूक परत आली तेव्हा जुन्या चपड्याच्या पॉलिशवर पांढरे चट्टे पडले होते. चपड्याला ओल सोसत नाही. त्यातून ही बंदूक बार काढल्यावर गरम पाण्यानेच धुवावी लागते, दारूची काजळी दुसऱ्या कशाने नीट जात नाही. म्हणून काकांनी चपडा खरवडून काढला आणि अळशीचं तेल द्यायचं ठरवलं.

आधी पॉलिशपेपर, रेषेच्या दिशेने. मग ओल्या फडक्याने पुसून दस्ता वाऱ्यावर ठेवला. तासाभराने त्यांनी माझं बोट त्यावरून फिरवलं. मघाशी गुळगुळीत असलेलं लाकूड दाढीच्या खुंटासारखं टोचत होतं. पाण्याने तंतू उभे राहतात. ते आत्ताच कापून टाकले नाहीत तर पहिल्या पावसात उभे राहतील. हे तीनदा केलं. चौथ्यांदा लाकूड उठलंच नाही, तेव्हा काका हसले.

मी काकांना सांगितलं, अमेरिकेत अशा बंदुकांचे सुटे भाग पेटीत मिळतात, हौशी माणसं घरी जोडतात. त्यात चेरीच्या लाकडाचा दस्ताही असतो. चेरी रंग लावला की डागाळते, पण नुसती उन्हात ठेवली तर आपसूक लालसर काळवंडते. हे ऐकून काकांनी मान डोलावली. "तिला ऊन पुरतं. ही आमची बया निराळी."

बया म्हणजे शिसव. तिच्या अंगात स्वतःचं तेल; ते अळशीला वाळू देत नाही. काकांनी आधी स्पिरिटने पुसलं, तळव्याने घासून घासून अगदी पातळ हात दिला, उरलेलं टिपून घेतलं. तेलाचा बोळा कोपऱ्यात न फेकता दोरीवर पसरून टाकला, कारण चुरगळून ठेवला तर तो आपोआप पेटू शकतो.

तरी भाद्रपदातली हवा. चार दिवसांनी गेलो तर दस्ता चिकट. मालक येऊन बसलेला. त्याला दसऱ्याला बंदूक पूजेत हवी होती. तिचा दुसरा उपयोग कमीच उरलाय, तो सांगत होता. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी हवी, ती येईस्तोवर भात आडवा झालेला असतो. परवान्याचं नूतनीकरण आलंय, त्यासाठी पनवेलला खेपा. दारू मिळवणं वेगळंच. मुलगा रसायनीच्या कारखान्यात, त्याला शेतही नको नि बंदूकही नको. पुढे परवाना कुणाच्या नावावर करायचा?

काकांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी दस्ता चुलीच्या वरच्या माळ्यावर, धुराच्या वाटेत टांगला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी फोन केला.

"वाळला का?"

"वरून वाळला," काका म्हणाले. "पण त्याने नळी बसवताना दाबून धरला. अंगठ्याचा ठसा उठलाय."